हाताची चव आणि सुरणाची खाज

गेल्या वर्षी एका महाविद्यालयाच्या ललितलेखन स्पर्धेचे निबंध तपासण्याचे काम आमच्याकडे आले होते. विषयाचे बंधन नव्हते. गठ्ठा उपसता उपसता एक गोष्ट ध्यानात येऊ लागली आणि मग तिची मोजदाद ठेवण्याचा छंदच लागला. ज्या ज्या निबंधात आजी, आई किंवा आत्या स्वयंपाकघरात शिरत होती, त्या त्या निबंधात फार तर तिसऱ्या परिच्छेदापर्यंत 'तिच्या हातची चव' अवतरत होती, आणि ती अवतरली की विषय संपत होता. चुलीवर काय होते, कशात होते, आधी काय पडले आणि मागाहून काय, याविषयी अवाक्षर नाही. चव होती, पदार्थ नव्हता. आम्ही समासात लाल शाईने 'म्हणजे काय?' असे लिहीत गेलो आणि परीक्षकाला शोभेल असे समाधान पावलो.

ते समाधान फार दिवस टिकले नाही. कपाट आवरताना आमचाच एक जुना लेख हाती आला. आई गेल्यानंतर काही महिन्यांनी एका दिवाळी अंकासाठी लिहिलेला. त्यात तिच्या सुरणाच्या कापांवर एक अख्खा परिच्छेद आहे आणि त्या परिच्छेदाचे शेवटचे वाक्य 'ती चव तिच्या हातातच होती' असे आहे. (त्यापुढे तीन टिंबेही आहेत.) लाल शाई संपलेली नव्हती, पण ती आम्ही उघडली नाही.

तेव्हापासून आमचे एक मत बनत गेले आहे आणि ते इथे मांडावेसे वाटते. 'हाताची चव' हा शब्दप्रयोग स्तुतीचा दिसतो, पण लिहिणाऱ्याने तो वापरला की बहुधा त्याने पाहण्याचे टाळलेले असते. ललित गद्यात ती एक पळवाट होऊन बसली आहे, आणि तिची किंमत आपण ज्यांची स्तुती करतो त्यांनाच मोजावी लागली आहे. हे मत आम्हांला कोणा समीक्षकाच्या ग्रंथातून मिळाले असते तर बरे दिसले असते. वस्तुस्थिती अशी की ते आम्हांला घसा खाजल्यामुळे सुचले.

झाले असे. मार्गशीर्षातला गुरुवार होता. आमच्याकडे मासळी खाल्ली जाते, पण या दिवशी नाही. आणि आईच्या वेंगुर्ल्याकडच्या माहेरी अशा दिवसांची तरतूद म्हणजे काप. सुरमईच्या तुकडीला जो मसाला, जे पीठ, जो तवा, तेच सर्व सुरणाला, कच्च्या केळ्याला, नीरफणसाला किंवा कोनफळाला. गोव्यात यांनाच 'फोडी' म्हणतात. (काप म्हणजे मासळीची नक्कल, असे काही जण म्हणतात. आम्हांला ते पटत नाही. उपमान जवळ नसताना ज्याचा आस्वाद पूर्ण होतो त्याला नक्कल कशी म्हणावी? पण तो वाद अलंकारशास्त्र शिकवणाऱ्यांनी घालावा.) गावाहून कोणाच्या तरी हाती परसातला सुरण आला होता. आईची पाककृतींची वही काढली. निळ्या पुठ्ठ्याची, हळदीचे डाग पडलेली. तिच्यात सुरणाच्या कापांची नोंद दीड ओळीची आहे: सुरण, मीठ, तिखट, हळद, हिंग, तांदळाची पिठी. नेहमीप्रमाणे करावे.

आम्ही तसे केले. काप चिरले, मसाला चोळला, पिठीत घोळवले, तव्यावर तेल सोडून दोन्ही अंगांनी लाल केले. दिसायला ते आईच्या कापांसारखेच दिसत होते. पहिला घास गिळला आणि जिभेच्या मुळापासून घशापर्यंत बारीक सुया टोचू लागल्या. ताक झाले, चिंच चोखून झाली, तरी तासभर शब्द फुटेना. घरातल्या धाकट्यांनी मात्र आम्ही बोलू शकत नाही याचा आनंद लपवला नाही.

'खाई त्याला खवखवे' ही म्हण आपण सगळे अपराधी मनाबद्दल वापरतो. तिच्यात काय खाल्ले ते सांगितलेले नाही. त्या दिवशी आम्हांला ती प्रथमच वाच्यार्थाने कळली, आणि थोड्या वेळाने लक्ष्यार्थानेही.

सुया ही उपमा नाही. सुरण, अळू, अळकुड्या या कुळातल्या वनस्पतींच्या पेशींत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात आणि ते खरोखरच टोचतात. आता बाजारात मिळणारा सुरण पुष्कळदा 'गजेंद्र'सारख्या न खाजणाऱ्या लागवडीच्या जातीचा असतो, म्हणून हल्लीच्या पाककृतींतून खाज घालवण्याची पायरी गळून गेली तरी कोणाच्या घशाशी येत नाही. परसातल्या सुरणाला हे ठाऊक नसते. पण आईची वही तर हल्लीची नव्हती. तिच्यात ती पायरी का नसावी?

मावशीला फोन लावला. मावशीचे वय ऐंशीच्या पुढे, कान अजून शाबूत. आम्ही विचारले, "मावशी, सुरणाचे काप कसे करायचे?" ती म्हणाली, "कसे म्हणजे? नेहमीसारखे." मग आमचा आवाज ऐकून ती थांबली आणि म्हणाली, "आगळ घातला नाहीस ना?"

पुढची वीस-पंचवीस मिनिटे ती जे बोलली ते आम्ही कागदावर उतरवून घेतले. इतके सलग, सकारण आणि नेमके मराठी गद्य आम्ही पुष्कळ दिवसांत ऐकले नव्हते. तिची बोली आमच्या लेखणीत उतरणार नाही. मजकूर मात्र देता येईल.

सुरण चिरण्याआधी हाताला खोबरेल लावायचे आणि हात कोरडा ठेवायचा, कारण ओल्या हाताला खाज जास्त झोंबते. साल जाड काढायची. तिथे कंजूषी करायची नाही. काप करंगळीच्या निम्म्या जाडीचे. त्याहून पातळ केले तर ते कुरकुरीत होतील, पण मग सुरण कुठे उरला? जाड केले तर बाहेरून करपतील आणि आत चुना चावल्यासारखे लागतील. चिरलेले काप मीठ आणि कोकमाचा आगळ घातलेल्या पाण्यात अर्धा तास ठेवायचे. आगळ नसेल तर सोले, तीही नसतील तर चिंच. सुरण गावचा असेल तर त्याच आंबट पाण्यात त्याला एक कढ द्यायचा. कढ किती? सुरी टोचली तर आत जावी, पण जाताना जराशी अडावी. अडली नाही तर काप तव्यावर मोडणार. मग चाळणीत निथळायचे आणि फडक्यावर पसरायचे, कारण ओला काप भाजत नाही, वाफाळतो. आता मसाला. मीठ बेताने, कारण पाण्यातले मीठ त्याने घेतलेले आहे, "हे विसरतात आणि मग सुरण खारट निघाला म्हणतात." तिखट-हळद-हिंग बोटांनी चोळायचे, चमच्याने नाही, कारण कापाच्या कडेला मसाला पोचला की नाही ते बोटाला कळते. पिठी मात्र तव्याजवळ उभे राहूनच लावायची. आधी लावून ठेवली तर ती ओल धरते आणि तव्यावर सालीसारखी सुटून येते.

तव्याबद्दल ती जरा सैलावली. तवा बिडाचा. तेल कापांवर ओतायचे नाही, कडेने सोडायचे. काप टाकल्यावर पहिला आवाज मोठा येतो, तो पाण्याचा. हळूहळू तो बारीक होत जातो. बारीक झाला की उलथायचे, त्याआधी हात लावायचा नाही. एकदाच उलथायचे. कढ दिलेल्या कापांवर झाकण नको, कच्चे लावले असतील तर पहिल्या अंगाला झाकण हवे.

हे सर्व 'शॅलो फ्राय' या दोन शब्दांत बसते असे आम्ही आजवर समजत होतो. मावशीने तो शब्द वापरला नाही, 'तळणे'ही म्हटले नाही. ती 'भाजणे' म्हणत होती. तेलात भाजणे कसे, असे आम्ही विचारले. ती म्हणाली, तळताना पदार्थ तेलात असतो, भाजताना तव्यावर असतो. तेल फक्त मधे. पाकशास्त्राच्या कोणत्याही परिभाषेला लाज वाटू नये असा हा भेद आहे.

मग आम्ही इतर कंदांविषयी विचारले, तर प्रत्येकाची वागणूक वेगळी निघाली. बटाट्याला आंबटाची गरज नाही. त्याच्या काचऱ्या होतात, पातळ, फोडणीत परतलेल्या, आणि काचऱ्यांना काप म्हटले तर मावशीला ते व्याकरणाच्या चुकीसारखे खटकते. रताळ्यात साखर असते, म्हणून ते डोळ्यांदेखत काळे पडते. त्याला आच मंद हवी आणि काप जाड. कोनफळ चिरल्यावर बुळबुळीत होते, ते पुसून घ्यायचे. अळकुड्या आधी उकडायच्या, सोलायच्या, तळव्याने चेपायच्या आणि मगच तव्यावर टाकायच्या. सगळ्यांवर मसाला एकच, पण 'नेहमीप्रमाणे' या एका शब्दाच्या पोटात पाच वेगळ्या कृती.

भाषेच्या अभ्यासकांनी या कंदांच्या नावांकडेही एकदा पाहावे. आपला 'बटाटा' पोर्तुगिजांच्या 'बटाटा'वरून आला, आणि तो शब्द मुळात कॅरिबियन बेटांवरचा, तिथे त्याचा अर्थ रताळे असा होता. आपले 'रताळे' संस्कृत 'रक्तालु'पासून आले. गुजरातीत 'रताळू' म्हणजे मात्र आपले कोनफळ. अमेरिका खंडातून दोन कंद आले; एकाने दुसऱ्याचे नाव घेतले, दुसऱ्याने इथल्याच एका कंदाचे घेतले, आणि दोघेही आपल्या एकादशीच्या ताटात सोवळे होऊन बसले. असो.

मुद्द्यावर येतो. मावशीच्या सांगण्यात 'कारण' हा शब्द किती वेळा आला ते पाहावे. हाताला तेल का, मीठ कमी का, बोटांनी का, पिठी उशिरा का. हा हात विचार करणारा आहे. त्याने चाचण्या ठरवल्या आहेत, सुरी अडण्याची, आवाज बारीक होण्याची. त्याने अपयशांची वर्गवारी केली आहे. अशा हाताविषयी बोलताना आपण 'हाताची चव' म्हणतो तेव्हा त्यातले सर्व ज्ञान काढून घेऊन एक कौतुकास्पद गूढ तेवढे शिल्लक ठेवतो. जे गूढ आहे ते विचारावे लागत नाही, लिहून घ्यावे लागत नाही आणि शिकावेही लागत नाही. शेवटची सोय विशेषतः आम्हां पुरुषांना फार मानवली, हे कबूल केलेले बरे.

याला परंपरेचा आधार असता तर निदान परंपरेला दोष देता आला असता. पण आपले जुने शास्त्रकार या बाबतीत आपल्याहून बरे होते. भरताने नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात रस समजावून सांगताना दृष्टान्त घेतला तो स्वयंपाकाचा. नाना व्यंजने, औषधी आणि द्रव्ये यांच्या संयोगाने जसा रस निष्पन्न होतो, तसा भावांच्या संयोगाने नाट्यात होतो, असे त्याचे म्हणणे. त्याने संयोग म्हटले. स्वयंपाक्याचा हात त्या दृष्टान्तात कुठेच नाही. रससूत्रावर आपण पिढ्यान्‌पिढ्या पेपर लिहितो, 'संयोगात्' या पदाच्या चार व्याख्या पाठ करतो आणि दृष्टान्तातल्या चुलीकडे पाहत नाही. तीच गोष्ट मम्मटाची. काव्याचा हेतू सांगताना त्याने शक्ती, निपुणता आणि अभ्यास ही तिन्ही घेतली आणि ती मिळून एकच हेतू होतो असे बजावले. कवीला आपण तिन्ही देतो. आईला फक्त पहिली, तीही मनगटाखाली.

आणखी एक भेद बोचतो. पाकविद्या पुरुषाकडे असली की तिला शास्त्र म्हणतात. नलराजाच्या नावावर 'पाकदर्पण' आहे. विराटाच्या मुदपाकखान्यात भीम बल्लव झाला आणि आपल्याला 'बल्लवाचार्य' हा शब्द मिळाला. आचारी या शब्दात आचार्य लपलेला आहे. त्याच्या 'हाताची चव' वाखाणतात, नाही असे नाही. पण आधी त्याला पदवी मिळते. घरातल्या बाईला पदवी नाही, ग्रंथ नाही, तिला हात.

यावर एक आक्षेप येईल आणि तो क्षुल्लक नाही. अंदाज लिहिता येत नाही, असे म्हणतील. करता करताच तो येतो, वाटी-चमच्याने त्याचा प्राण जातो. आम्ही स्वतः दीर्घकाळ या पक्षात होतो. आज वाटते की अंदाज ही मापाची अनुपस्थिती नसून फार वेळा वापरून मुरलेले माप आहे. ज्यांनी हे जाणले त्यांनी लिहिले. लक्ष्मीबाई धुरंधरांचे 'गृहिणी-मित्र' १९१० साली निघाले, हजार पाकक्रियांचे. कमलाबाई ओगल्यांनी १९७० च्या 'रुचिरा'त वाटी-चमच्याची मापे दिली आणि माहेरापासून दूर एकट्याने संसार मांडलेल्या कितीतरी मुलींच्या शेजारी ते पुस्तक वडीलधाऱ्या बाईसारखे उभे राहिले. दुर्गाबाई भागवतांना 'खमंग' लिहिताना आपली विद्वत्ता उणी होते असे वाटले नाही. या पुस्तकांनी कोणाच्या हातची चव मारली असे ऐकिवात नाही. आपल्या वाङ्मयेतिहासाने मात्र त्यांना गद्य म्हणून क्वचितच वाचले. प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार, पत्रे हा वाङ्मयप्रकार, आणि पाककृती? तिच्यात आज्ञार्थ आहे, काळाची बांधणी आहे, गृहीत धरलेला वाचक आहे, गाळलेल्या जागा आहेत. पदव्युत्तर वर्गात एकदा जुनी पाककृती आणि तिची आजची आवृत्ती शेजारी ठेवून वाचून पाहावी. मुलांना निवेदनशास्त्र त्यातून लवकर कळेल.

हल्लीच्या चित्रफितींबद्दलही दोन शब्द. त्यांच्यात सगळे दिसते, हे खरे. पण बहुतेकींत आवाज बारीक होण्यावर संगीत वाजत असते, आणि 'मध्यम आचेवर पाच मिनिटे' हे वाक्य दिसते. कोणाची मध्यम? कोणती पाच?

आता वहीकडे परत जायला हवे, कारण इथवर आलेला युक्तिवाद तिथे अडखळतो. आई तर स्वतः लिहीत होती. अक्षर चांगले, मराठी चौथीपर्यंत शाळेत शिकवलेले. मग तिनेच आगळ का गाळला? पहिले उत्तर सोपे आहे: ती स्वतःसाठी लिहीत होती, आणि आगळाशिवाय सुरण असतो ही कल्पनाच तिला शिवली नसणार. आपण 'पाणी पितो' असे लिहिताना 'भांड्यातून' लिहीत नाही, तसे. पण त्याच वहीत, दहा पाने पुढे, शेजारच्या पंजाबी बाईंकडून घेतलेल्या छोल्यांची कृती आहे. ती दीड पान आहे. चणे किती वेळ भिजवायचे, पाणी टाकायचे की ठेवायचे, सोडा चिमूटभर की दोन, आणि समासात 'का ते विचारणे'. म्हणजे सविस्तर लिहिणे तिला येत होते. जे तिने विचारून मिळवले ते तिने सविस्तर लिहिले. जे तिला कोणी विचारले नाही ते 'नेहमीप्रमाणे' राहिले.

आम्ही त्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून कितीतरी गुरुवारी काप खाल्ले आहेत. तव्यावरून ताटात, ताटातून तोंडात. ती आतून "अजून दोन घालू?" म्हणून विचारी आणि आम्ही "घाल" म्हणत असू. एवढाच आमचा संवाद. पाच पावलांवर तेलाचा आवाज मोठ्याचा बारीक होत होता, तो कानावर पडत असणारच. तो आम्हांला आज आठवत नाही. आठवते ती चव, आणि तिच्यावर आम्ही तीन टिंबे दिली.

मावशीचे बोलणे आम्ही शाईने उतरवून वहीत त्या पानाला टाचले आहे. पेन्सिलीने आणखी एक ओळ घातली आहे, कारण तिच्याविषयी एकमत नाही. मावशी म्हणते तांदळाची पिठीच, रवा लावणे हा खानावळींचा चावटपणा. आमच्या वहिनी म्हणतात की सासूबाई शेवटची काही वर्षे पिठीत मूठभर रवा मिसळत असत. त्यांनी समोर उभे राहून पाहिले आहे. मावशीने हे ऐकून "ती असे करणार नाही" म्हटले आणि फोन ठेवला. पुढच्या गुरुवारी दोन्ही प्रकारे करून पाहायचे ठरले आहे. सुरण अर्धा शिल्लक आहे, आगळाची बाटली वहिनींनी आणून ठेवली आहे.